तेल प्यालेलं लाकूड

नवरात्र सरत आलं की पनवेलची हवा अशी काही उलटते की विचारू नका. चार महिने कपडे वाळत नाहीत म्हणून रडायचं, आणि मग एक दिवस असं ऊन पडतं की दोरीवरचा टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो. गच्चीवर गेलं तर कर्नाळ्याच्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका धुऊन पुसून ठेवल्यासारखा समोर. खाली डंपरांची धूळ, त्या धुळीतच कुठून तरी येणारा कापल्या भाताचा वास, आणि दुपारी दोन वाजता अंगाची लाही. जुलैत लाथ मारल्याशिवाय न लागणारी दारं आता आपली आपण लागतात, कारण फुगलेलं लाकूड आक्रसतं. आणि आमच्या बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडला टेकून उभ्या असलेल्या गाडीत लाकडी पट्ट्या सुटायला लागतात.

परवा केर काढायला म्हणून गाडीचं दार उघडलं, तर छताच्या कडेची लांब पट्टी एका टोकाने सुटून लोंबत होती. "आलीस का बाई," मी तिला म्हटलं. मी वस्तूंशी बोलते, ही माझी जुनी खोड. हल्ली दुसरं बोलायला घरात कुणी नाही, त्यामुळे ती वाढली आहे. आतमध्ये गरम हवेचा भपकारा होता आणि त्यात तो वास. सहा महिने गाडी बंद ठेवा, फिनेल टाका, धूप घाला, तो वास जात नाही. मुशी माशाच्या तेलाचा वास. नाक मुरडायचे मी पूर्वी. परवा मात्र सीटवर बसले आणि नुसती श्वास घेत राहिले, दहा मिनिटं.

हे जाऊन आता दोन वर्षं होतील. "हे" म्हणजे माझे यजमान, दत्ताराम. करंज्याचे कोळी. मी पनवेल गावातली, शाळेत मुलींना शिवण शिकवणारी. आमचं कसं जमलं ते सांगत बसत नाही, त्या काळी दोन्ही घरांत पुरेसा तमाशा झालेला आहे. मूलबाळ झालं नाही. यांनी सत्तावीस वर्षं तळोज्याच्या एका कारखान्याची शिफ्टची गाडी चालवली. पनवेल ते तळोजा, तळोजा ते पनवेल, तीच माणसं, तीच डुलकी, तोच केमिकलचा उग्र दर्प. रिटायर झाले आणि कारखान्याने भंगारात काढलेली तेरा सीटची गाडी घेऊन घरी आले. मी खिडकीतून बघत होते. "अहो, ही काय ब्याद आणलीत?" तर खालून ओरडले, "घर आणलंय, घर! खाली ये बघायला!"

सीटा काढल्या, दोनच ठेवल्या. एक पलंग, एक ओटा, पाण्याची टाकी, वर पंखा. भिंतींना प्लायवूड लावलं. प्लायवूडच्या तुकड्यांमध्ये सांधे दिसतात, म्हणून त्यांच्यावर लाकडी पट्ट्या मारतात. त्या पट्ट्या सुताराने बाजारातून आणायचं म्हटलं, तर यांनी त्याला थांबवलं. माझ्या सासऱ्यांची होडी नुकतीच करंज्याच्या बंदरावर फोडली होती. तिच्या वाटणीत यांच्याकडे सात-आठ फळ्या आल्या होत्या. सागवान, जुनं, काळंभोर. त्याच फळ्या चिरून त्यांच्या पट्ट्या काढल्या. करवत चालली तशी सगळ्या बिल्डिंगमध्ये माशाच्या तेलाचा घमघमाट सुटला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडक्या आपटून लावून घेतल्या. हे भुशात बसून मुलासारखे हसत होते.

यांचं स्वप्न मोठं नव्हतं हो. लहानपणी बापाबरोबर होडीतून खाली रत्नागिरीपर्यंत गेलेले. दाभोळ, जयगड, सगळी बंदरं पाहिलेली, पण पाण्यातून. सासरे कडक खाक्याचे, किनाऱ्याला लावून वेळ घालवणं त्यांना मंजूर नसे. त्यामुळे लांबून दिवा दिसायचा, किल्ल्याची भिंत दिसायची, नारळीची रेघ दिसायची, आणि होडी पुढे. "शुभा," हे म्हणायचे, "मला एकदा जयगडच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडं बघायचंय. आमची होडी तिथून कशी दिसत असेल, ते बघायचंय." यासाठी ही गाडी. यासाठी हा सगळा उपद्व्याप.

गाडी तयार झाली त्याच पावसाळ्यात यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं. एक गंमत झाली. चाळीस वर्षं पनवेलमध्ये राहून यांची भाषा माझ्यासारखी झाली होती, ती झटक्यानंतर पार करंज्याला परतली. "मना पानी दे." "आमी कवा जायाचं?" मी शुद्ध मराठीत उत्तर द्यायची आणि हे डोळे मिचकावून पुन्हा तसंच बोलायचे. हृदयही कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "वहिनी, त्यांना जे आवडतं ते करू द्या. फिरवून आणा. थांबू नका." थांबू नका म्हणजे काय, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही.

प्रश्न एवढाच होता की गाडी चालवणार कोण. ड्रायव्हर ठेवू म्हटलं तर यांचा चेहरा असा झाला, जणू मी सवत आणायला निघाले. "जल्मभर मीच डायवर. आता माज्या गाडीत दुसरा डायवर? तू चालव." मला येत होतं. यांनीच शिकवलं होतं, रविवारी तळोज्याच्या मोकळ्या रस्त्यांवर, मी पंचावन्नची झाल्यावर. ठरलं. दसऱ्याला निघायचं. सीमोल्लंघनाचा मुहूर्त, त्याला कोण नाही म्हणणार?

भाद्रपदात एकदा सरावाला म्हणून मी यांना शेजारी बसवून गाडी पळस्प्यापर्यंत नेली. जाताना ठीक. येताना पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे ट्रेलर, त्याचा भोंगा असा की छातीत कळ यावी. मी किल्ली फिरवते, गाडी सुरू होते, बंद पडते, आणि हळूहळू मागे सरकते. यांनी डाव्या हाताने आडवं होऊन हँडब्रेक ओढला. ट्रेलरवाला उतरून येऊन काय काय बोलला. कशीबशी घरी आले. घरात शिरल्यावर हे फक्त म्हणाले, "चाय टाक." मी चहा टाकला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

मग आला तो ऑक्टोबर.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पहिली पट्टी सुटली. खिडकीवरची. मी म्हटलं, चिकटवते, त्यात काय. पांढरा डिंक आणला, पट्टी घासली, डिंक लावला, वर चिकटपट्टी मारली, खालून कपडे वाळत घालायच्या काठीचा टेकू दिला. दसऱ्याच्या सकाळी हे निळा शर्ट घालून तयार. गाडीला झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकांखाली लिंबू. आत गेले तर खिडकीवरची पट्टी खाली पडलेली, आणि छताची एक नवी लोंबकळत होती.

"आज नाही निघायचं," मी म्हटलं.

"र्‍हाऊ दे गं. पट्टी लोंबली म्हनून गाडी थांबते काय?"

"वाटेत डोक्यात पडली म्हणजे?"

"टोपी घालतो."

मी हसले नाही. मी म्हटलं, गाडी अशी उसवलेली घेऊन चार गावं फिरायची म्हणजे लाज आहे. शिवणाच्या बाईच्या गाडीची ही दशा? आधी पट्ट्या, मग प्रवास. दिवाळीच्या पाडव्याला निघू. हे शर्टाची वरची दोन बटणं एका हाताने सोडायला लागले. ती बटणं त्यांना सुटेनात. मी जाऊन सोडली.

तो महिना आम्ही गाडीतच काढला म्हणा ना. सकाळचं आटपून दहाला खाली. मी यांना धरून गाडीत चढवायची, पुढच्या सीटवर बसवायची, पंखा लावायची. डिंकाची बाटली हे दोन गुडघ्यांत धरायचे आणि डाव्या हाताने झाकण काढून द्यायचे, एवढं काम त्यांच्याकडे. मी पलंगावर उभी राहून पटाशीने जुना वाळलेला डिंक खरवडायची. त्याचे पांढरे पापुद्रे केसांत पडायचे. घाम डोळ्यांत. मग पॉलिश पेपर, मग डिंक, मग टेकू. चार काठ्या आडव्यातिडव्या लावल्यावर आत हलायलाही जागा उरत नसे. दुसऱ्या दिवशी टेकू काढावा तर पट्टी सुखरूप. तिसऱ्या दिवशी दुपारचं ऊन टिपेला पोचलं की "टक्" असा आवाज, आणि हे सीटवरून वळून न बघताच म्हणायचे, "परली."

मी किती चिडायची! पट्टीवर, डिंकावर, दुकानदारावर, यांच्यावर. "तुम्हाला हसू कसं येतं?" हे हसायचेच. आणि मग एकेका पट्टीची गोष्ट सांगायचे. ही नाळेजवळची, होडीच्या पुढच्या टोकाची, हिच्यावर बापाने मला पहिल्यांदा झोपवला. ही मधल्या फळीची, इथे बसून दाभोळचा दिवा बघितला. पट्टीत जुन्या खिळ्यांची भोकं होती, भोकाभोवती गंजाचं काळं वर्तुळ. हे डाव्या हाताचं बोट त्या भोकात घालून बसायचे. मी म्हणायची, "बोट काढा, डिंक लावायचाय."

आज त्या बोलण्याचा मला इतका संताप येतो ना. डिंक लावायचाय! जगबुडी येणार होती जणू.

त्याच दिवसांत एकदा वन्सं आल्या होत्या. यांच्या थोरल्या बहीण, हिराबाई, करंज्याच्याच. बंदरावर मासळी विकण्यात उभा जन्म गेलेला, आवाज असा की अर्धी बिल्डिंग जागी व्हावी. गाडीत डोकावल्या, काठ्यांचं जंगल पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आगो बाय, ह्यो काय खेल चाललाय? पन्नास वर्सां तेल प्यालेलं लाकूड हाय ते. त्याला डिंक धरतो कय? स्क्रू मार, दोन दिसांत काम होतंय."

कोळ्याच्या घरात हे शेंबडं पोरही जाणतं. दर वर्षी होडी ओढून वर घेतात, तिला मुशीचं तेल पाजतात, ते लाकडाच्या पार पोटात जातं. अशा फळ्यांच्या पट्ट्या काढून घरात लावायचं वेड फक्त माझ्या नवऱ्यालाच सुचू शकतं, आणि त्या डिंकाने चिकटवायचं माझ्यासारख्या शहरातल्या बाईला. पण वन्सं सांगून गेल्या. मला तेव्हाच कळलं.

मी काय म्हटलं असेल? "वन्सं, स्क्रूची डोकी दिसतात. काम कसं दिसेल ते?" तीस वर्षं मुलींना सांगत आले होते, तुरपाईचा टाका उजव्या बाजूने दिसता कामा नये. फिनिशिंग म्हणजे सगळं. वन्सं म्हणाल्या, "तुजी तू जान," आणि सोड्यांची, सुक्या कोळंबीची, पिशवी ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून डिंकाची नवी बाटली आणली. मोठी.

पाडवा आला. हे निळा शर्ट घालून बसले. तीन पट्ट्या खाली होत्या. मी म्हटलं, तुळशीचं लग्न होऊ दे. हे म्हणाले, "बरां."

कार्तिकात सकाळी गारवा आला. ऊन मवाळ झालं, लाकूड आक्रसायचं थांबलं, आणि काय आश्चर्य, पट्ट्या राहिल्या. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. एकही पडली नाही. पाचव्या दिवशी मी गाडीत उभी राहून वर बघत होते, सगळ्या रेषा सरळ, सांधे झाकलेले, एक डाग नाही. काम इतकं सुंदर झालं होतं की दृष्ट लागावी. आणि मी एकेक पट्टी बोटाने दाबून पाहिली, एखादी तरी हलते का म्हणून. हे मागून म्हणाले, "झालां?" मी म्हटलं, "हो. आता पडदे तेवढे शिवते. खिडक्यांना पडदे नकोत का?"

पडदे शिवले मी. आकाशी रंगाचे, खाली बारीक झालर. सहा खिडक्यांचे सहा. झालरीला चार दिवस लावले. यांना दाखवले, तर हातात घेऊन कापड चाचपलं आणि म्हणाले, "ग्वाड झालेत."

तुळशीच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. चहाचा कप हातात होता. त्रास काही झाला नाही, असं सगळे म्हणतात. सगळ्यांना काय ठाऊक?

त्यानंतरचे दोन्ही ऑक्टोबर मी तेच करते आहे. पट्टी पडते, मी डिंक लावते. गाडी चालवत नाही, आठवड्यातून एकदा नुसती सुरू करून बंद करते, बॅटरी मरू नये म्हणून. सोसायटीवाले म्हणतात काढून टाका, जागा अडते. मी भांडते. लोकांना वाटतं नवऱ्याची आठवण म्हणून ठेवली आहे. म्हणोत बापडे.

काल वन्सं आल्या. आता त्यांना एवढं चालवत नाही, रिक्षाने आल्या, धापा टाकत. मी गाडीतच होते. आत येऊन पलंगावर बसल्या, वर बघितलं, खाली डिंकाच्या बाटलीकडे बघितलं.

"शुबे, अजून डिंकच?"

आणि मला काय झालं कोण जाणे. मी पटाशी खाली ठेवली आणि बोलून टाकलं. दोन वर्षांत कुणाला बोलले नव्हते, स्वतःलाही धड नाही. "वन्सं, मला माहीत होतं डिंक धरणार नाही. तुम्ही सांगितलंत तेव्हापासून माहीत होतं. मला भीती वाटत होती. गाडी चालवायची. चढावर ती पुन्हा मागे जाईल याची. आणि ते वाटेत गेले तर मी परक्या गावात एकटी काय करू याची. पट्टी पडली की मला बरं वाटायचं हो. आजचा दिवस टळला, असं वाटायचं." बोलता बोलता मी हमसून रडायला लागले, आणि पदर कुठे आहे तेही सापडेना.

वन्संनी मला जवळ घेतलं नाही, त्या तशा नव्हेतच. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "त्याला ठाव व्हतां."

"काय?"

"भावबीजेला मी ओवालायला आलते, तवा त्याला बोलले, तुजे बायकोला सांग, स्क्रू मार म्हनावं. तर माजा हात धरला त्याना. बोलला, बाय, तिला काय बोलू नको. ती भ्यालीय. तिची तिलाच बोलू दे. ती एकदा बोलली ना, 'मना भ्या वाटतां', का मग मी बोलेन, जयगड र्‍हाऊ दे, आपून करंज्याला जाऊ. बंदरावर गारी उबी करू, तिथशी बघू समिंदर. तितवर ती नेल मना."

मी विचारलं, "मग त्यांनी का नाही म्हटलं? त्यांनीच का नाही म्हटलं, करंज्याला जाऊ?"

"तुला लाज वाटंल म्हनून," वन्सं म्हणाल्या. "तू शालेतली बाय. त्याला तुजा लय मान व्हता."

मग त्यांनी विचारलं, जेवलीस काय. मी नाही म्हटलं. आम्ही वर आलो, मी भात टाकला, त्यांनी सोडे भिजवले. जेवून त्या गेल्या. मी भांडी घासली.

त्या महिन्यात मी यांच्याशी रोज तास न् तास बोलले. डिंक कुठला चांगला, काठी कुठे टेकवायची, झालर किती बोटं ठेवायची. आणि हे रोज समोर बसून माझ्या तोंडून एक वाक्य यायची वाट बघत होते. मला वाटायचं, ते निघायची वाट बघताहेत.

करंजा इथून तासाभराच्या वाटेवर आहे. घाट नाही, मोठा चढ नाही. रविवारी सकाळी लवकर निघालं तर कंटेनरसुद्धा फारसे लागत नाहीत. मला जमलं असतं.